उदास मनाला व्यायामाची मात्रा

सौम्य नैराश्यावर व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार आहे, असे कॅनडातील मनोविकारतज्ज्ञांच्या ‘कॅनमॅट’ या गटाने २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित सूचनांत तर औषधासारखी मात्राच दिली आहे: एका वेळी ३० ते ४० मिनिटे, आठवड्यातून तीन-चार वेळा, किमान नऊ आठवडे. व्यायाम हलका ते मध्यम असावा आणि तो कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. देखरेखीची ही अट वरवर किरकोळ वाटते. पण सगळी मेख तिथेच आहे.

कॅनडात या प्रश्नाला हिवाळ्याची धार आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात एडमंटनला दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. त्याच दिवसांत मुंबईला सुमारे अकरा तास उजेड मिळतो. माणसे अंधारात कामावर जातात आणि अंधारातच परततात. काहींना दर हिवाळ्यात ठरल्यासारखे नैराश्य येते: झोप वाढते, गोडाधोडाची, भातपावाची ओढ लागते, कशातच मन रमत नाही. या ऋतुजन्य नैराश्यावर प्रखर दिव्यापुढे बसण्याचा प्रकाशोपचार केला जातो. भर दुपारी बाहेर चालायला गेल्यास प्रकाश आणि व्यायाम दोन्ही पदरात पडतात. आकाश ढगाळ असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो.

व्यायामाने मन का सुधारते, याचे लोकप्रिय उत्तर ‘एंडॉर्फिन’ असे आहे. ते अपुरे आहे. रक्तातील एंडॉर्फिन मेंदूभोवतीचा अडसर सहजी ओलांडत नाही. शिवाय त्याचा परिणाम रोखणारे औषध देऊन धावपटूंना पळवले, तरी पळण्यानंतरची तरतरी टिकून राहिल्याचे प्रयोगात दिसले आहे. त्यामुळे संशोधकांचे लक्ष आता आनंदामाइडकडे वळले आहे. गांज्यातील घटक मेंदूत ज्या ग्राहींना जाऊन चिकटतात, त्यांनाच चिकटणारे हे द्रव्य शरीर स्वतः बनवते आणि ते मेंदूत सहज शिरते.

स्नायूंची कामगिरी याहून रंजक आहे. ताण आणि दाह वाढला की रक्तात कायन्युरेनिन नावाचे द्रव्य वाढते. ते मेंदूत पोचून तिथे उपद्रव करते. व्यायामाने तयार झालेले स्नायू त्याचे कायन्युरेनिक आम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल मेंदूत शिरूच शकत नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१४मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी उलगडली.

मेंदूच्या रचनेतही फरक पडतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात टेरेसा लिऊ-अँब्रोज यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या, स्मरणाच्या सौम्य तक्रारी असलेल्या स्त्रियांना सहा महिने आठवड्यातून दोनदा झपाझप चालायला लावले. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आकाराने वाढला. नैराश्यात हाच भाग अनेकदा आक्रसलेला आढळतो. मात्र आकार वाढला म्हणून स्मरणही सुधारले, असे त्या अभ्यासातून दिसले नाही.

जितका घाम जास्त तितका लाभ जास्त, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात जेनिफर हाइस यांच्या गटाने विद्यार्थ्यांकडून सहा आठवडे सायकलिंग करून घेतले. काहींना मध्यम गतीने, तर काहींना थोड्या-थोड्या अंतराने जीव तोडून. नैराश्याची लक्षणे दोन्ही गटांत उतरली. पण जीव तोडून सायकल मारणाऱ्यांना ताण अधिक जाणवू लागला, तर मध्यम गतीच्या गटात दाह दर्शवणारे एक द्रव्य रक्तात कमी झाले. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागणे ही मध्यम गतीची ढोबळ खूण.

लोकांना घराबाहेर काढण्याचा कॅनडाचा खटाटोप जुना आहे. १९७१मध्ये सुरू झालेल्या ‘पार्टिसिपॅक्शन’ मोहिमेची १९७३मधील जाहिरात गाजली: तिशीतल्या कॅनेडियन माणसाची तंदुरुस्ती साठीतल्या स्वीडिश माणसाइतकीच, असा टोमणा तिने मारला होता. २०२०पासून ‘पीएआरएक्स’ योजनेत डॉक्टर निसर्गात वेळ घालवण्याची चिठ्ठी लिहून देऊ लागले: आठवड्याला दोन तास, एका वेळी किमान २० मिनिटे. २०२२पासून काही रुग्णांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही मिळू लागला. पण उणे वीस अंशांत निसर्ग कितीही सुंदर असला तरी पाय घराबाहेर निघत नाही. मग टोरोंटोचे ‘पाथ’ हे ३० किलोमीटरपेक्षा लांब भुयारी मार्गांचे जाळे उपयोगी पडते. दुकाने उघडण्याआधी मॉलमध्ये फेऱ्या मारणारे आजीआजोबाही अनेक शहरांत दिसतात.

अडचण एकच, पण मोठी. नैराश्य आधी उमेदीवरच घाला घालते. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला ‘जरा फिरून ये’ म्हणणे सोपे आणि बरेचसे निरुपयोगी. म्हणूनच ती देखरेख: ठरलेली वेळ, वाट पाहणारा सोबती, दहा मिनिटांपासून सुरुवात. मन लागेपर्यंत थांबायचे नाही. आधी हालचाल, मागाहून मन, असा उलटा क्रम उपचारक धरतात.

पुराव्यालाही मर्यादा आहेत. गोळीऐवजी खोटी गोळी देता येते, खोटा व्यायाम देता येत नाही. काटेकोर चाचण्यांत लाभ कमी भरतो, त्याचे हे एक कारण. तीव्र नैराश्यात व्यायाम औषधांची आणि समुपदेशनाची जागा घेत नाही, फार तर त्यांना जोड देतो. आत्महत्येचे विचार येत असतील, तर कॅनडात ३० नोव्हेंबर २०२३पासून ९८८ या क्रमांकावर फोन किंवा संदेशाने चोवीस तास मदत मिळते.