आनंद पटवर्धन : चौदा वर्षांचा एक माहितीपट

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापून जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जणांचा बळी गेला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीची गाणी गात आलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे फडके बांधले होते.

ते का, या प्रश्नातून ‘जयभीम कॉम्रेड’ उभा राहिला. आनंद पटवर्धनांचा घोगऱ्यांशी जुना स्नेह होता. झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमेवरील ‘हमारा शहर’ (१९८५) या त्यांच्या माहितीपटात घोगऱ्यांचे गाणे आहे. मित्राच्या मृत्यूनंतर सुरू झालेले चित्रण २०११ पर्यंत चालले. मधल्या काळात अण्वस्त्रांवरील ‘जंग और अमन’ आला. सेन्सॉरने मागितलेल्या काटछाटीविरुद्ध पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तो एकही दृश्य न कापता संमत झाला.

आपल्याकडे त्यांच्या आरंभीच्या कामाची चर्चा क्वचितच होते. कॅनडात शिकत असताना त्यांनी ‘अ टाइम टू राइझ’ (१९८१) हा ब्रिटिश कोलंबियातील भारतीय शेतमजुरांच्या संघटनेवरील माहितीपट जिम मन्रो यांच्यासह केला. पदवीच्या बळावर व्हिसा मिळवलेल्या आम्हा अभियंत्यांना परदेशातले ते भारतीय सहसा आठवत नाहीत.

‘जयभीम कॉम्रेड’मधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग टँकरचा आहे. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा होता. टँकर गोळीबाराच्या जागेपासून दूर होते, हे चित्रपट शांतपणे दाखवतो. संगणकातला बिघाड शोधताना आम्ही आधी नोंदी तपासतो, तसेच हे. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

सवर्ण घरातल्या दिग्दर्शकाने आपली कथा का सांगावी, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो गैर नाही. कॅमेरे आणि चौदा वर्षांची सवड आपल्या वस्त्यांत कोणाकडे होती, हेही विचारायला हवे. परंतु तीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात दिग्दर्शक फारसा बोलत नाही. शाहीर गातात, वस्तीतल्या बाया गातात. त्यात कबीर कला मंचाच्या शीतल साठेही आहेत. नक्षलवादाच्या आरोपामुळे भूमिगत व्हावे लागलेल्या शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर उघडपणे हजर झाले. त्यांच्या पाठीशी जे उभे राहिले, त्यांत पटवर्धन होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबांनी हा चित्रपट मुलांसह पाहिला. शेवटी एका मुलीने विचारले, “काकांनी निळे फडकेच का बांधले?” प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळे उत्तर दिले आणि वाद मध्यरात्रीपर्यंत चालला. पुढच्या वेळी चित्रपट दोन बैठकांत दाखवावा, यावर मात्र एकमत झाले.