कागदाचा ठावठिकाणा

कागद लिहिणे ही एक गोष्ट आणि लिहिलेला कागद पुन्हा सापडणे ही दुसरी. गोव्यात हा भेद जुन्या कारकुनांना चांगला ठाऊक होता. पोर्तुगीज अमदानीतील जमीननोंदणीचा दाखला पाहावा. त्यात मिळकतीच्या वर्णनाचा क्रमांक असतोच. शिवाय ते वर्णन कोणत्या बुकात व कितव्या पानावर आहे, हेही नमूद असते. बुकाचा आणि पानाचा आकडा हाती असला की शोधणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

संगणकावर टंकलेल्या कागदाला असा पत्ता आपोआप लाभत नाही. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या मुंडकाराचा अर्ज घ्यावा. १९७५च्या मुंडकार कायद्याखाली तो मामलेदारापुढे जातो. मसुदा दोन-तीनदा बदलतो; ‘अर्ज’, ‘अर्ज नवा’, ‘अर्ज शेवटचा’ अशा फाइली साचतात. वर्षभराने हाती केवळ छापील प्रत उरते आणि तिची मूळ फाइल कोणती, हे खुद्द टंकलेखकालाही सांगता येत नाही. प्रश्न मात्र राहत्या घराचा असतो.

यावर उपाय साधा आहे. पानाच्या तळाशी, म्हणजे फूटरमध्ये, फाइलीचे नाव व ठिकाण छापून घ्यावे. ते हाताने टंकण्यात अर्थ नाही. नाव बदलले की ते खोटे ठरते. प्रथम फाइल जतन करावी, कारण जतन न केलेल्या कागदाला ठिकाणच नसते. मग वर्डमध्ये फूटर उघडून ‘इन्सर्ट’, ‘क्विक पार्ट्स’, ‘फील्ड’ या वाटेने ‘फाइलनेम’ निवडावे आणि ‘ॲड पाथ टू फाइलनेम’ या चौकटीत खूण करावी. लिबरऑफिसमध्ये ‘इन्सर्ट’, ‘फील्ड’, ‘मोअर फील्ड्स’ येथे ‘फाइल नेम’ आणि ‘पाथ/फाइल नेम’ मिळते.

येथे एक मेख आहे. फाइल दुसऱ्या कप्प्यात हलविली तरी वर्डमधील ती ओळ जुनाच पत्ता दाखवीत राहू शकते. छपाईपूर्वी त्या ओळीवर टिचकी मारून ‘एफ९’ ही कळ दाबली म्हणजे पत्ता ताजा होतो. घाईच्या दिवशी नेमके हेच विसरले जाते!

आणखी असे की, या पत्त्यात संगणक वापरणाऱ्याचे नाव, कधी पक्षकाराचेही नाव उघडे पडते. म्हणून दप्तरी ठेवावयाच्या प्रतीवर ही ओळ असावी. कचेरीत दाखल करावयाच्या प्रतीवरून ती काढून टाकावी.