पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

परीक्षा जवळ आल्या की घराघरांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना आडून आडून नकार कळवला जातो, आणि मूल पुस्तकात डोके खुपसून बसले की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. त्याच मुलाने पुस्तक मिटून घरभर येरझाऱ्या घातल्या, स्वतःशीच पुटपुटायला सुरुवात केली किंवा धाकट्या बहिणीला समोर बसवून 'शाळा-शाळा' मांडली, की लगेच आवाज येतो, ''अभ्यासाला बस!'' बिचारे अभ्यासच करीत असते!

बँकेतल्या नोकरीत आम्हालाही सीएआयआयबीच्या परीक्षा द्याव्या लागत. दिवसभर काउंटरवर मान मोडून घरी आल्यावर १८८१ सालचा 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट' उघडायचा, म्हणजे झोपेला आमंत्रणच. तेव्हा मी कलमांच्या गोष्टी रचू लागलो. एका बेअरर चेकची चोरी होते. चोर तो कापडदुकानदाराला देऊन साड्या नेतो. दुकानदाराने चोख मोबदला दिला आहे, चोरीची त्याला गंधवार्ता नाही. म्हणजे कलम ९ प्रमाणे तो 'होल्डर इन ड्यू कोर्स', आणि चेकवर त्याचा हक्क पक्का. आता गोष्ट थोडी बदलू. चेक 'ऑर्डर'चा आहे आणि चोराने मागे मालकाची खोटी सही ठोकली आहे. मग मात्र दुकानदाराने हात चोळत बसावे. खोट्या सहीने हक्क मिळत नाही! माझा एक सहकारी अशा गोष्टींना नाक मुरडायचा. त्याला सवाल-जवाब प्रिय. येता-जाता पॅसेंजर गाडीत तो मला कलमांचे आकडे विचारी, मी त्याला. चुकेल त्याने चहा पाजायचा.

दोघांच्या तऱ्हा निराळ्या असल्या तरी पुस्तक दोन्हींत मिटलेलेच होते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवत होता. आठवड्याने मात्र तो ४२ टक्के आठवला आणि लिहून काढलेला ५६ टक्के. वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि त्या ओळखीलाच आपण 'येते' असे समजतो. आठवताना मनाला खणावे लागते, आणि खणलेले टिकते.

आपल्या जुन्या घरांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. दिवेलागणीची परवचा म्हणजे न पाहता म्हणणेच. भेंड्या खेळताना आठवणीचा तळ ढवळावा लागे आणि कितीतरी कविता हसतखेळत पाठ होत.

तेव्हा प्रत्येकाने आपापली गंमत शोधावी. कुणी चित्र काढून, कुणी आजीला समजावून, कुणी कागदाचे चिटोरे करून एका बाजूला प्रश्न व दुसऱ्या बाजूला उत्तर लिहून. मात्र गमतीलाही कसोटी हवी. रंगीत पेनांनी ओळी रंगवण्यात मौज आहे, पण २०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात ही पद्धत तळाच्या गटात गेली. घरच्या घरी पडताळता येईल: दोन धडे दोन तऱ्हांनी करावेत आणि आठ दिवसांनी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. कागद खोटे बोलत नाही.

आईवडिलांनी एवढेच करावे. मुलाने किती तास वाचले याचा हिशेब ठेवण्याऐवजी संध्याकाळी त्याच्यासमोर बसून म्हणावे, ''आज काय शिकलास, मला सांग बघू.'' आणि ते मनापासून ऐकावे. शिकण्याची गोडी लागलेले मूल परीक्षा संपल्यावरही पुस्तक उघडते.