एका दिवसाची मिजमाशी

खामगाव-शेगावकडच्या काळ्या रानात खरिपाची ज्वारी फुलोऱ्यावर आली, की सकाळच्या उन्हात कणसांभोवती नारिंगी ठिपके भिरभिरतात. ही मिजमाशी. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, आयुष्य दिवसा-दीड दिवसाचं. नराचं तर काही तासांचंच. तेवढ्यात मादी उमललेल्या फुलांत शेपन्नास अंडी घालून मोकळी होते.

अळी कोवळ्या दाण्याचा रस शोषते. दुरून कणीस भरल्यासारखं दिसतं, हाती मात्र पोचट तूस येतं. खात्री करायची तर ते दोन नखांत दाबावं: तांबूस-केशरी पाणी सुटलं तर आत अळी आहे. तुसाच्या टोकाला पांढरी कात लटकत असेल, तर माशी उडून गेली. बारीक गोल भोक असेल तर मात्र आनंद मानावा. मिजमाशीला खाऊन एक परजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते.

भंडारा-गोंदियाच्या धानात पोंगे करणारी गादमाशी मिजमाशीच्याच कुळातली. ज्वारीवाली पोंगे वगैरे करत नाही, थेट दाण्यालाच हात घालते.

तिचं खरं बळ वेळापत्रकात आहे. एक पिढी साधारण दोन आठवड्यांत पुरी होते. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं. मग लवकर फुलणारी संकरित आणि उशिरा फुलणारी गावरान ज्वारी शेजारीशेजारी उभी राहू लागली. माशीला एका शेतातून दुसऱ्यात सलग फुलं मिळाली. मार बसतो तो मागास पेरणीला. नाल्याकाठचा बरूही तिला चालतो. शिवाय काही अळ्या तुसातच कोष करून झोपतात, कधी तीन-तीन वर्षं. म्हणून मळणीनंतरचं भूस खळ्यावर पडून राहू देऊ नये.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूत इक्रिसॅट या संशोधन संस्थेने आयसीएसव्ही 745 हे प्रतिकारक वाण तयार केलं. अशा वाणांची तुसं आखूड आणि घट्ट मिटलेली असतात, त्यामुळे अंडी आत जाणं अवघड होतं.

बुलढाण्यात आता सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आहे. उरलेले तुकडे कडब्यासाठी, भाकरीसाठी, ज्याच्या त्याच्या सवडीने पेरलेले. गावाने एकाच आठवड्यात पेरणी उरकणं हा बिनखर्चाचा उपाय, पण जमवायला सगळ्यांत कठीण. फवारायचंच, तर फुलोऱ्यात कणसामागे एक माशी दिसली की लगेच. अळी तुसात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.