पावलांची वही

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. १९९८च्या दिवाळीनंतर सुरू केली, अजून संपलेली नाही. प्रत्येक ओळीत चार रकाने: तारीख, जनावर, लेन्स आणि पावलं. फोटो काढून झाला, जनावर आपल्या वाटेने निघून गेलं, की मी उभा होतो तिथून ते उभं होतं तिथवर चालत जायचं आणि पावलं मोजायची. शेतकऱ्याच्या घरात वाढल्याचा हा परिणाम असावा. आमच्याकडे धुऱ्याचा वाद पावलांनी सुरू होतो आणि मोजणीवाल्याच्या साखळीने संपतो. (संपत नाही, पण ते असो.) माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, हे टेपने मोजून पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

ही वही पुन्हा काढायला कारण झालं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. आता नोकरीला लागलाय, हातात पैसा आहे. दारात गाडी लावता लावता त्याने विचारलं, "सर, लेन्स ४०० घेऊ का ६००?" पंचवीस वर्षांत हाच प्रश्न मी इतक्या जणांना विचारला आणि इतक्यांनी मला विचारला, की उत्तर पाठ असायला हवं होतं. ते नव्हतं म्हणून वही उघडली.

आधी जागा सांगतो, कारण जागेशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही. जानेफळ हे मेहकर तालुक्यातलं, खामगावच्या वाटेवरचं गाव. इथे जंगल नाही. ज्ञानगंगा अभयारण्य आहे ते तिकडे बुलढाणा-खामगावच्या डोंगरात. आमच्याकडे आहे ते शिवार: सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, मधूनच एखादा उजाड माळ आणि काळी जमीन. या शिवारात काळवीट आहे, रोही आहे (शहरातले लोक नीलगाय म्हणतात ती), रानडुक्कर आहे, तित्तर आणि मोर आहेत. ही जनावरं माणसाला रोज पाहतात, रोज शिव्या खातात आणि कुठल्या माणसापासून किती लांब राहायचं याचा त्यांचा हिशेब पक्का असतो. माझा सगळा छंद त्या हिशेबाभोवती फिरला. हे कळायला मात्र अर्धी वही भरावी लागली.

पहिली लेन्स ७०-३००, सेकंडहँड फिल्म कॅमेऱ्यावर. १०० आयएसओची स्लाइड, रोलमध्ये ३६ फोटो, धुवायला मोठ्या शहरात पाठवायचा आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायची. ३०० वर टोकाला छिद्र ५.६ पेक्षा मोठं उघडत नव्हतं. सूर्य नुकता वर येताना त्या उजेडात शटर मिळायचं १/६० सेकंद. हातात धरून काढायचं तर लेन्स जितकी लांब तितक्या भागाने तरी वेग हवा, म्हणजे १/३००. त्यामुळे पहिले चार रोल म्हणजे हललेल्या हरणांचा संग्रहच झाला. मग घरच्या तुरीची एक छोटी पिशवी शिवून घेतली, ती धुऱ्यावरच्या दगडावर ठेवायची आणि त्यावर लेन्स टेकवायची. लेन्स स्थिर झाली. पण हरणं तशीच बारीक राहिली. त्या काळातल्या नोंदींत पावलांचा आकडा सर्रास ९० आहे. ९० पावलं म्हणजे जवळपास ६७ मीटर. इतक्या लांबून खांद्याला ८० सेंटीमीटर उंच असलेलं काळवीट ३०० ने चौकटीच्या उंचीचा सातवा भागच व्यापतं. बाकी सहा भाग हरभरा. घरच्यांना स्लाइड दाखवल्या तेव्हा मोठ्या काकांनी विचारलं, "पीक चांगलं आलंय, कोणाचं वावर हाय?"

मग सुरू झाली मोठ्या आकड्याची भूक. एका मित्राची ५०० मिलिमीटरची आरसेवाली लेन्स महिनाभर मागून आणली. या लेन्समध्ये उजेड आरशांवर दोनदा परतवतात, म्हणून ती आखूड आणि हलकी असते, दमड्यांतही मिळते. पण छिद्र कायमचं ८, कमी-जास्त होत नाही, आणि समोर मधोमध दुसरा आरसा असल्यामुळे मागचा धूसर भाग कड्या-कड्यांचा होतो. तुरीच्या पानांवर दव असेल तर हरणामागे मेदूवड्यांची आरास मांडल्यासारखं दिसायचं. महिना संपायच्या आत परत केली.

१४ जानेवारी २००४च्या ओळीत लेन्स तीच जुनी ७०-३०० आहे, पण पावलं २८. खाली लाल शाईची रेघ आहे. संक्रांतीचे दिवस होते. मामांची बैलगाडी कडबा आणायला निघाली होती, मी मागे पाय सोडून बसलो होतो. काळविटांचा कळप वाटेला लागूनच चरत होता. पायी माणूस दिसला की जे काळवीट ९० पावलांवरून उड्या घेत जायचं, ते बैलगाडीकडे मान वर करून बघायचं आणि पुन्हा खाली घालायचं. जुन्या काळचे शिकारीही याच युक्तीने, गाडीच्या आडोशाने हरणांच्या जवळ जात. म्हणजे जनावराची भीती माणसाच्या वासाला किंवा अंतराला नव्हती, दोन पायांवर उभ्या चालणाऱ्या आकृतीला होती. २८ पावलांवर, म्हणजे २१ मीटरवर ३०० ने काळवीट अर्धी चौकट व्यापून उभं राहिलं. शिंगांचे पीळ मोजता येत होते. तो फोटो आजही बैठकीच्या खोलीत आहे.

यातून शहाणपण यायला हवं होतं. पण बैलगाडीतून फोटो काढणारा म्हणून कोणी ओळखत नाही, लांब लेन्सवाला म्हणून ओळखतात.

२००७ साली डिजिटल घेतला, निकॉन डी ८०. दुकानदार म्हणाला, "सर, तुमची ३०० आता ४५० झाली." हे वाक्य त्या वेळी प्रत्येक दुकानात ऐकू यायचं. अर्धं खरं होतं. सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता, त्यामुळे कडेची दृश्यं कापली जायची, एवढंच. कात्रीने फोटोच्या कडा कापल्या तर मधलं हरीण मोठं होत नाही, फक्त भोवतालचा हरभरा कमी होतो. तरी खूश होऊन मी पेढे वाटले.

आणि २०१६. निकॉनची २००-५०० आदल्या वर्षी बाजारात आली होती. सगळीकडे छिद्र ५.६, हात न हलू देणारी यंत्रणा आत बसवलेली, वजन मात्र सव्वादोन किलोच्या वर. पगारातून हप्ते बांधले. पहिल्या दिवशी गावातून चालत गेलो तेव्हा एकाने विचारलं, "सर, काही फोडायचं हाय का?"

आता वहीतली गंमत. २०१६ आणि २०१७ची पानं या वेळी एका बैठकीत वाचली तेव्हा ती दिसली. ३०० च्या काळातल्या शेवटच्या दोन वर्षांत काळविटाच्या नोंदींत पावलांचा आकडा ५०च्या आसपास आहे. मोटरसायकलवर बसून, इंजिन चालू ठेवून, तिरपं तिरपं जवळ जायचं मी तोवर शिकलो होतो. २००-५०० आली आणि आकडे वाढले: ७५, ८५, ८०, ९०. म्हणजे लेन्स लांब झाली तसा मी लांब थांबायला लागलो. गणित करून पाहिलं: ३०० ने ५० पावलांवरून जेवढं काळवीट येतं, तेवढंच ५०० ने ८३ पावलांवरून येतं. पगाराचे सगळे हप्ते मी ३३ पावलं न चालण्यासाठी भरले होते.

बरं, फोटो तेवढेच चांगले आले असते तरी चाललं असतं. ते आले नाहीत, आणि दोष लेन्सचा नव्हता. काळ्या जमिनीवर मार्चपासूनच साडेआठ-नऊला झळ उठते. जमिनीलगतची हवा तापते, वरची थंड असते, दोन्हींचे थर एकमेकांत मिसळत राहतात आणि त्यांतून येणारा उजेड सतत वाकतो. डोळ्याला ते लांबचं पाणी वाटतं. लेन्स त्या हलत्या हवेलाही हरणाइतकंच मोठं करते. ५० पावलांऐवजी ८३ पावलं म्हणजे मध्ये जवळजवळ २५ मीटर जास्त उकळती हवा. काळविटाच्या डोळ्याची कड विरघळल्यासारखी दिसायची. मी लेन्सला दोष दिला, एका दुकानात दाखवून आणली, त्यांनी दोन आठवडे ठेवून घेतली आणि नव्या ओरखड्यासह परत दिली. बिघाड शिवारात होता, तो कुठे दुरुस्तीला टाकणार? नांगरलेल्या उघड्या रानाऐवजी हिरव्या पिकावरून फोटो घेतला तर झळ कमी लागते, हे त्यानंतर कळलं. जमिनीला पोट लावून झोपलं तर ती सर्वांत जास्त लागते, हेही.

ताडोबात तर उलटाच घोटाळा झाला. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५चं. आयुष्यात एकदा जावं म्हणून गेलो. वाघीण गाडीसमोर १५ मीटरवर येऊन बसली. (नियमाने गाडीने किमान २० मीटर अंतर ठेवायचं असतं, पण वाघिणीला नियम लागू नव्हता.) ५०० मिलिमीटरच्या चौकटीत त्या अंतरावरून जेमतेम ७० सेंटीमीटर रुंदीचं जग मावतं. माझ्याकडे आले फक्त मिशा आणि एक कान. शेजारच्या गाडीतल्या मुलीने २०० वर अख्खी वाघीण, मागचं बांबूचं बेट आणि पडलेला उजेड असं सगळं टिपलं. चूक माझी अशी, की २००-५०० ला २०० हाही आकडा आहे हे मी वर्षभरात विसरून गेलो होतो.

आमच्या जिल्ह्यात वाघ आला तेव्हा मात्र कुठलीच लेन्स कामाची नव्हती. टिपेश्वर अभयारण्यातला तो नर, रेडिओ कॉलर घातलेला. २०१९च्या उन्हाळ्याअखेर निघाला, शेतं-नाले-रस्ते ओलांडत महाराष्ट्र आणि तेलंगणातून तेराशे किलोमीटरच्या वर चालला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. लोकांनी त्याला वॉकर नाव दिलं. मी दोन रविवार मोटरसायकलने तिकडे जाऊन आलो. धूळ आणि माकडं मिळाली. असा वाघ टिपतो तो झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप. त्याची लेन्स रुंद असते, चार-पाच पावलांवरून जाणारं जनावर अख्खं मावेल अशी. हे काही नवं नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनअधिकाऱ्याने १९२०च्या दशकात शिवालिकच्या पायथ्याला पायवाटेवर तार बांधून, वाघाच्याच पावलाने कॅमेरा चालवून फोटो काढले. १९२७ साली त्याचं पुस्तक निघालं. शंभर वर्षं झाली. वाघाचा खरा फोटो अजूनही तिथेच निघतो, जिथे माणूस नसतो.

एका जागी लांब लेन्सला तोड नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. पक्षी. वेडा राघू चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभरही नसतो. ५०० ने ११ पावलांवरून तो अर्धी चौकट भरतो, ३०० ने चौथाईच्या थोडा वर. मुनिया तर त्याहून लहान. इथे ६०० घ्या, आणखी काही लावता आलं तर लावा. घरट्यावरचा पक्षी असेल तर लांब राहणं हीच सभ्यता आहे, तिथे पावलं वाढली पाहिजेत. लोणारच्या सरोवराकाठी शेकाट्यांच्या लांब गुलाबी पायांचे फोटो मी ५०० शिवाय काढू शकलो नसतो. मात्र त्याच विवराच्या काठावर, वर उभं राहून ५०० लावणाऱ्यांची कीव येते. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खळगा, खालून वर येणारी ऊन हवा आणि पलीकडे ठिपक्याएवढे पक्षी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबई-नागपूरची मंडळी मेहकरला उतरून लोणारला येतात. त्यांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या लेन्सा पाहून आमची मुलं हरखतात. खाली कमळजा देवीच्या देवळाकडे सकाळी गेलं तर मोर १५ पावलांवर येतो. तिथे त्या लेन्सांना मागे सरकायला जागा पुरत नाही.

२०२०पासून बाजार पुन्हा बदलला. कॅननने ६०० आणि ८०० च्या हलक्या, स्वस्त लेन्सा काढल्या, पण छिद्र कायम ११. म्हणजे माझ्या ५.६ च्या मानाने चौथाई उजेड. नव्या कॅमेऱ्यांना अंधार सोसतो, म्हणून त्या चालतात. माझ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात त्यातलीच एक होती.

त्याला मी वही दाखवली. ४०० वरून ६०० वर जाणं म्हणजे ६० पावलांवरून ४० वर जाणं, एवढंच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "पण सर, बैलगाडी आता कोणाकडे हाय?" हे मात्र खरं. मामांची गाडी मोडीत निघून दहा वर्षं झाली. काळविटं आता ट्रॅक्टरला तसाच मान देतात, पण ट्रॅक्टरच्या धक्क्यात कुठलीच लेन्स स्थिर राहत नाही. इंजिन बंद केलं की कळप पळतो. गेल्या हंगामात शेजारच्या शेतकऱ्याने मला ट्रॅक्टरवर बसवून हरभऱ्यातून नेलं. रोही त्याचं पीक खात होती, आणि तो मला म्हणत होता, "काढा फोटो सर, अन् जाताना त्याले घेऊन बी जा."

विद्यार्थ्याने शेवटी काय घेतलं ते अजून कळवलेलं नाही. मी ५०० विकली नाही. पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून ती सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात असते. बाहेर पडताना बहुतेक वेळा ३०० असते, कधी तीही नसते. या वर्षी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरहून जानेफळला यायची होती, त्या पहाटे मी गावाबाहेर रस्त्याला नुसताच उभा राहिलो होतो. त्या तारखेची नोंद अशी आहे:

रोही, मादी, पिल्लासह. सोयाबीन. लेन्स घरी. पावलं २२.

त्याखाली आणखी एक ओळ आहे, जी वहीत मी पहिल्यांदाच लिहिली. मोजायला चालत गेलो तेव्हा पिल्लू अजून तिथेच होतं, म्हणून २२ पैकी शेवटची सहा पावलं अंदाजाने धरली आहेत.