क्योटोतलं जुनं नेमकं किती जुनं?

जपानला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत क्योटोचं सुवर्णमंदिर हमखास असतं आणि सोबत ‘सहाशे वर्षांपूर्वीचं’ अशी ओळही. स्थळ तेवढं जुनं आहेच. इमारत मात्र १९५० साली तिथल्याच एका तरुण भिक्षूने पेटवली. आज दिसते ती १९५५ ची.

क्योटो महायुद्धातून वाचलं, म्हणून तिथलं सगळं प्राचीन, ही समजूतही अर्धवट आहे. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी अणुबॉम्बच्या यादीतून हे शहर वगळायला लावलं, हे खरं. तरी १९४५ मध्ये तिथे छोटे हवाई हल्ले झालेच, आणि त्यांत माणसं गेली. पण या शहराचं मोठं नुकसान झालं ते त्याच्या कितीतरी आधी. १४६७ ते १४७७ या काळातल्या ओनिन युद्धात शहराचा बराच भाग बेचिराख झाला. १७८८ आणि १८६४ मध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्या. राजधानी इथे आली ७९४ मध्ये, आणि जुन्या शहरात टिकून राहिलेली सर्वांत जुनी इमारत मात्र १२२७ ची: सेनबोन शाकादो हे मंदिर. सुवर्णमंदिरापासून ते फार लांब नाही. तिथे जाणं मला अधिक मोलाचं वाटतं.

त्याहून जुनं लाकूड पाहायचं तर नारा शहराजवळच्या होर्यूजीला जावं. तिथल्या सुमारे तेराशे वर्षांच्या वास्तू जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत. खुद्द नाऱ्यात तोदाइजीची महाबुद्धमूर्ती आहे. ७५२ साली तिचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असते. मूर्तीवरचं आजचं भव्य सभागृह १७०९ चं, आणि तेही मूळ सभागृहापेक्षा रुंदीला बरंच कमी.

किल्ल्यांबाबत तर हटकून फसगत होते. ओसाकाचा देखणा मनोरा १९३१ मध्ये काँक्रीटने बांधलेला आहे, आत लिफ्टही आहे. नागोयाचा मनोरा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९५९ मध्ये काँक्रीटचाच उभा राहिला. जुन्या काळातले मुख्य मनोरे देशभरात फक्त बारा उरलेत. त्यांतला सर्वांत भव्य हिमेजीचा, १६०९ मध्ये पूर्ण झालेला. बूट हातात घेऊन त्याचे उभे, अरुंद लाकडी जिने चढताना फरक पायांनाच कळतो.

मग पुन्हा बांधलेलं ते सगळं नकली का? मुळीच नाही. इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी मुद्दाम नव्याने बांधतात. गेल्या वेळी २०१३ मध्ये बांधलं, पुढची पाळी २०३३ ची. लाकूड नवं, पण सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ओसाकाच्या काँक्रीटला हे लागू होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं पाहायला जपान रेल्वे पास घेतलाच पाहिजे, हा सल्लाही आता जुना झाला. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांना मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे ५०,००० येन झाले. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनने जाऊन-येऊन साधारण २८,००० येन पडतात. मुक्काम क्योटोतच असेल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात: नारा पाऊण तासावर आहे आणि हिमेजी शिंकान्सेनने तासाभराच्या आत.