दोरी कां तुटते?

पावसाळा सरून आश्विन उजाडला, कीं कोंकणांतील आंबा-काजूच्या बागांतून गवत कापणाऱ्या लहान यंत्रांची घरघर ऐकूं येऊं लागते. पूर्वीं विळे-कोयते घेऊन गडीमाणसें जें काम करीत, तें आतां घरचा एखादा तरुण ग्रासकटरचा पट्टा खांद्याला अडकवून करतो. गवत वेळेवर निघणें ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नव्हे. वाळल्या गवतांत वणवा शिरला, तर वर्षानुवर्षें वाढविलेलीं झाडें एका दुपारींत होरपळून जातात. अशा ऐन हंगामांत यंत्राची दोरी ओढावी आणि नुसती मूठच हातांत यावी, हा प्रसंग ज्या घरावर आला असेल, त्यास त्याची चुटपुट निराळी सांगावयास नको.

गेल्या वर्षीं तो आमच्यावर आला. दुकानदारानें सबंध स्टार्टरच बदलण्याचा सल्ला दिला. परंतु आधीं उघडून तर पाहावें, असें घरांतील वडील मंडळींचें मत पडलें. त्या उघडण्यांत आम्हांस जें समजलें, आणि जी चूक घडली, तीं दोन्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

लहानपणीं भोवरा खेळलेल्या कोणासहि या स्टार्टरची रचना समजेल. भोवऱ्याला जाळी गुंडाळून हिसका दिला, कीं तो फिरतो. जुन्या इंजिनांना अशीच दोरी दर वेळीं हातानें गुंडाळावी लागे. आतां तें काम घड्याळाच्या कमानीसारखी एक चपटी, वेटोळी स्प्रिंग करते. दोरी ओढली, कीं कप्पी फिरते व तिचे खटके इंजिनाच्या चाकास धरून तें फिरवितात. त्याच वेळीं स्प्रिंग आवळली जाते. दोरी सैल सोडली, कीं हीच स्प्रिंग कप्पी उलट फिरवून दोरी आंत ओढून घेते.

एवढें ध्यानांत आलें, म्हणजे दोष कोठें आहे हें बरेचसें बाहेरूनच ओळखतां येतें. दोरी बाहेर येते पण परत जात नाहीं, तर स्प्रिंग सुटली वा तुटली असावी, अथवा कप्पीभोवतीं माती बसली असावी. दोरी नीट जा-ये करते पण इंजिन ढिम्म राहतें, तर खटके धरीत नाहींत. दोरी मुळींच हलत नसेल, तर स्टार्टर काढून इंजिनाचें चाक हातानें फिरवावें. तें फिरलें तर दोष स्टार्टरचा. न फिरलें तर प्लग काढून पुन्हां पाहावें. मग सहज फिरल्यास सिलिंडरांत पेट्रोल सांचलें होतें असें समजावें. तरीहि न फिरलें, तर इंजिनच जखडलें आहे, आणि तें जाणत्या कारागिराकडे नेणें बरें.

आमची दोरी तुटलेली होती, तेव्हां निदानाचा प्रश्न नव्हता. दोरी तुटली म्हणजे आंतील स्प्रिंगहि निर्जीव झाली, असें आम्ही धरून चाललों व कप्पी सरळ उचलली. तत्क्षणीं ती पोलादी पट्टी फणा काढल्याप्रमाणें उसळली, आणि कौतुकानें वाकून पाहणाऱ्या आमच्या पुतण्याच्या गालावर, डोळ्याखालीं बोटभर अंतरावर, ओरखडा काढून गेली. एक बोट वर, आणि त्या दुरुस्तीची किंमत काय झाली असती, हा विचार आजहि मनांतून जात नाहीं. दोरी नसली तरी स्प्रिंग आपल्या घरांत दाबूनच बसविलेली असते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. यास्तव प्रथम इंजिन बंद करून प्लगची वायर काढावी, डोळ्यांस चष्मा व हातांस जाड मोजे घालावे, आणि मुलांस दूर बसवावें. मुख्य म्हणजे, केवळ दोरीच बदलावयाची असेल, तर पुष्कळ यंत्रांत कप्पी उचलावीच लागत नाहीं.

दोरी जुनीच्याच जाडीची व लांबीची घ्यावी. जाड दोरी कप्पींत मावत नाहीं. नायलॉनचीं टोकें काडीनें जाळून घट्ट करावीं. एक टोक कप्पीच्या भोंकांत गांठ मारून बसवावें, दुसरें बाहेरच्या भोंकांतून काढून मुठीस बांधावें. दोरी पूर्वीं ज्या दिशेनें होती, त्याच दिशेनें गुंडाळावी. मग कप्पीच्या कडेला असलेल्या खांचेंत दोरीचा पेड अडकवून, दोरी ओढतांना कप्पी ज्या दिशेस फिरते त्या दिशेस, तिला दोन-तीन फेरे द्यावे आणि अंगठ्यानें धरून हळू सोडावी. मूठ लोंबत राहिली, तर एक फेरा वाढवावा. दोरी पूर्ण ओढल्यावरहि कप्पी अर्धा फेरा तरी पुढें फिरली पाहिजे. न फिरल्यास एक फेरा कमी करावा, नाहींतर स्प्रिंग तुटते.

येथें काम संपलें असें वाटत असतांनाच आमच्या वडीलबंधूंनीं तुटलेली दोरी उजेडांत धरली. ती एकाच अंगानें पिंजली होती. रहाटाची दोरी कप्पीवरून घसरून कडेला घासूं लागली, म्हणजे जशी दिसते, तशी. शोध घेतां, दोरी बाहेर येण्याच्या भोंकाच्या खालच्या कडेस खोल चर पडून धार आलेली आढळली. आम्ही सर्वच जण यंत्र जमिनीवर ठेवून दोरी तिरपी ओढीत होतों! नुसती दोरी बदलली असती, तर तीहि त्याच धारेवर कापली गेली असती. बारीक पॉलिशकागदानें कड गुळगुळीत केली, तेव्हां कोठें दुरुस्ती पुरी झाली.

तेव्हांपासून आमच्या घरीं यंत्र सुरू करण्याची एक रीत ठरून गेली आहे. पातें मोकळें आहे हें पाहून यंत्र एका हातानें घट्ट दाबावें. दोरी प्रथम हळू ओढावी. अडल्यासारखी वाटली, कीं मग भोंकाच्या सरळ रेषेंत एक झटका द्यावा. ती शेवटापर्यंत ताणूं नये, आणि मूठ कधींहि हातांतून सोडून देऊं नये. दोरीबरोबर हातहि परत न्यावा. हल्लीं हें पुतण्याच सर्वांस शिकवितो, आणि कोणी तिरपा हिसका दिला, तर लगेच टोकतो. नव्या दोरीनें एक हंगाम निघाला असून ती अद्याप शाबूत आहे.